पाडव्यापर्यंत एक घड

१२ ऑक्टोबर २०२५
वाडी, ता. पाथर्डी

आक्का,

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंस, पण पोस्टाला ब्लॉक करता येत नाही, हे मला परवा पाथर्डीत पोस्टासमोर वडापाव खाताना सुचलं. आत गेलो, पाकिटं मागितली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कुनाला लिवतोस? हल्ली कोन लिवतंय?" म्हटलं, "भईनीला. काष्टीला दिलीय." म्हणाल्या, "मंग यस्टीनं जा की. चार तासात पोचशील." बरोबर होतं त्यांचं. चार तासांच्या वाटेला मला आठ वर्षं लागलीत, आणि अजून मी पोचलेलो नाही.

तर मी इटलीहून आलोय. कायमचा का, ते विचारू नको, मलाच माहीत नाही. तिथं काय करत होतो ते आबांना मी "द्राक्षाच्या रसाची कंपनी" असं सांगितलंय. त्यांच्या गळ्यात माळ. रसाचं पुढं काय होतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुला सांगतो, वाईन होते.

तू म्हणशील, आला कशाला. खरं सांगू? एका मोहरीसाठी आलो. थांब, नीट सांगतो, नाहीतर म्हणशील याचं जुनंच, तिकीट काष्टीचं आणि उतरला करमाळ्याला.

वाल्तेलिना म्हणून एक खोरं आहे. वर बर्फाचे डोंगर, खाली आद्दा नदी आणि मधल्या उतारावर दगडी बांधांच्या ताली, एकावर एक, खालून बघितलं की मान दुखते. तालीमागं मूठभर माती आणि त्या मातीत द्राक्षाची वेल. ती मातीसुद्धा त्यांच्या पणज्यांनी पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेलेली. मी गेलो त्या आठवड्यात एक ताल पावसानं बसली होती. मालक एत्तोरे, ऐंशीचा म्हातारा, गवंड्याला फोन लावत होता. तोवर मी सवयीनं दगड उचलून बघायला लागलो, तोंड कुठलं, बूड कुठलं. आबांनी शिकवलेलं. मोठा खाली, लांबडा आत घुसवायचा आणि भिंत डोंगराकडं कलती. संध्याकाळी एत्तोरे आला, तालीवर चढला, टाच आपटून बघितली आणि मला "माएस्त्रो" म्हणाला. म्हणजे मास्तर! आठवी नापास माणसाला. तू असतीस तर हसून पडली असतीस.

त्याचा मुख्य वाण कियावेन्नास्का. सगळी विक्री त्याच्यावर. पण कडेच्या एका तालीवर त्यानं जुने वाण ठेवलेत, रोस्सोला, पिन्योला, ब्रुन्योला. नावं ऐकून वाटतं मामाच्या पोरी आहेत. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. मी म्हटलं, मग काढून का टाकत नाही? म्हातारा म्हणाला, "कियावेन्नास्का बोलते, ह्या ऐकतात. नुसत्या बोलणाऱ्यांचं घर चालत नाही." प्रत्येक वेलीला त्यानं पत्र्याची पट्टी बांधलीय, नाव कोरून. म्हणतो, नाव माहीत असलेला शेवटचा माणूस मेला की वेलीचं सरपण होतं.

तर मोहरी. जूनमध्ये रोस्सोलाचा फुलोरा झडला आणि मागं हिरवे मणी राहिले, मोहरीएवढे. आणि मला उसाच्या फडावरचा तुझा फोन आठवला. आठ वर्षांमागच्या त्या डिसेंबरात तू वाडीत शेजारच्या दगडाबाईकडं राहिली होतीस, दहावीसाठी. आबा आणि मी कारखान्यावर, तोडीला. तू म्हणालीस, "आबा, आपल्या वेलीला मोहरीएवढं कायतरी आलंय." आबा म्हणाले, "फुलोरा आसंल, गळून जातो. वांझ हाय ती." मी शेजारी उभा होतो. मीही हसलो होतो.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. ते मी आत्ता लिहीत नाही.

आईनं पांगाऱ्यावर चढवलेली ती वेल. वीस वर्षांत घरातल्या कुणी तिचा एक मणी खाल्लेला नाही. आक्का, मी तिथं हिशेब मांडला. आपली वाडी दिवाळी झाली की कुलूप लावून तोडीला जाते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. आणि आपल्याकडं द्राक्ष पिकतं कधी? फेब्रुवारी-मार्चात. तुझ्या सासरी आठ एकर थॉमसन द्राक्ष आहे, तुला मी काय सांगणार! ती पिकत असेल तेव्हा बघायला आपण कधी घरीच नव्हतो.

हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "घरकुल मंजूर झालंय. पाडव्याला पाया खांदायचा. पांगारा, वेल, समदं काढायचं." म्हटलं, "एक हंगाम द्या. मी राहतो इथं." "तू? तू हंगामभर एका जागी ऱ्हानार?" ओट्यावर टोळीतले चौघे बसले होते, चौघेही हसले. मग आबा म्हणाले, "पाडव्यापत्तुर एक घड दाव. एक. मंग बघू."

आता अडचण. एत्तोरे पानं गळल्यावर छाटायचा. मी रोज वेलीखाली उभा राहतो, पान काही गळत नाही. एवढंच कळव. पानं कधी गळतात?

कानिफ


२६ ऑक्टोबर

आक्का,

दाजींचा फोन आला. बोलत होते कल्याण दाजी, पण मागून सांगत होतं दुसरंच कुणीतरी. दाजी म्हणाले, "त्याला म्हनावं... आपलं, तुला म्हनावं, पानं गळायची वाट बघू नको. तिकडची वेल बर्फात झोपती. आपल्या वेलीला झोप न्हाई. हातानं पानं काढ आन् छाट. काडीला सात डोळे ठेव." मी म्हटलं, "दाजी, एत्तोरे तर दोनच ठेवायचा." मागून आवाज आला, "मंग एत्तोरेलाच इचार म्हनावं."

आठ वर्षांनी ऐकलेलं तुझं पहिलं वाक्य. रेकॉर्ड केलं नाही याचं लई वाईट वाटतंय.

तर काल छाटली. आधी सगळी पानं ओरबाडली, हाताला चीक लागला, वेल उघडी पडली तेव्हा कळलं केवढी आहे. पांगाऱ्याला दोन वेढे घालून छपरावर, तिथून दगडाबाईच्या भिंतीवर. वाकडीतिकडी, माझ्यासारखी. आणि कबूल करतो, अर्ध्या काड्यांना मी सात डोळे ठेवले आणि अर्ध्यांना दोन. तुझं ऐकलं आणि एत्तोरेचंही. तू म्हणशील याला एका बाजूला राहताच येत नाही. खरं आहे.

आज सकाळी टोळी गेली. ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, त्यावर भांडी, कोंबड्या, सरपण, पोरं. आबा वर बसले आणि म्हणाले, "जाताना कुलूप लाव." म्हटलं, "मी जाणार नाही आबा." म्हणाले, "तरी पन लाव."

एत्तोरेच्या खोऱ्यातसुद्धा पूर्वी असंच होतं म्हणे. वरच्या गावचे लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर, द्राक्षाच्या वेळी खाली. घर दोन, पाय दोन, असं तो म्हणायचा. पण त्यांनी एक हुशारी केली. द्राक्ष पिकायला आलं की सगळी खाली हजर. आपण मात्र आईच्या वेलीची वेळ कधी विचारलीच नाही.

सहाव्या दिवशी डोळ्यांतले कोंब फुगायला लागतात ना? की सातव्या?

कानिफ


१४ डिसेंबर

आक्का,

मोहरी आली!

खोटं सांगत नाही. सकाळी पाण्याची बादली घेऊन गेलो, सवयीनं वर बघितलं आणि दिसली. हिरवी, टणक, मोहरीएवढी. तू म्हणाली होतीस अगदी तशी. मी मोठ्यानं ओरडलो. वाडीत ऐकायला कोण? एक कुत्रं उठलं आणि दगडाबाई बाहेर आली.

ती म्हातारी आता ऐंशीच्या पुढं असेल. दरवर्षी सगळ्यांच्या घरांवर लक्ष ठेवायला तीच मागं राहते. काठी टेकत आली, वर बघितलं आणि म्हणाली, "त्यात वरडायला काय झालं? दर सालीच येत्यात."

"काय येतात?"

"द्राकं."

मी बादली खाली ठेवली. "मावशे, ही वेल वांझ आहे ना?"

"कोन म्हनतंय? तुमी गेल्यावर पिकती. होळीच्या म्होरं लई ग्वाड हुत्यात. मी खाते, चिमन्या खात्यात. उरल्याली वाळवते."

"अगं मग वीस वर्षं सांगितलं का नाही?"

"इचारलं का कुनी?" ती उलट माझ्यावरच डाफरली. "तुझी आय म्हनली हुती, दगडाबाय, आमच्या माघारी दारात जे पिकंल ते तुझं. मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय. म्हनून तर मी तुमच्या दाराला हंगामभर सडा टाकते. फुकट टाकते व्हय?"

आणि घरात नेलं मला. आक्का, तिच्या आढ्याला सुतळ्या बांधल्यात आणि सुतळ्यांना सुकलेले घड, मागच्या सालचे, काळपट, सुरकुतलेले. मी खालीच बसलो. कारण एत्तोरेच्या माळ्यावर अगदी हेच! तो कियावेन्नास्काचे निवडक घड तोडून वाऱ्याच्या माळ्यावर तीन महिने सुकवतो, अर्धं वजन हवेत जातं, मग पिळतो. त्या वाईनला स्फुर्सात म्हणतात. लोक ती बाटली घ्यायला परदेशातून येतात. आणि इकडं दगडाबाई तेच करते खोकल्याच्या औषधासाठी. तिचं एक गाडगं आहे चुलीमागं. तोंडाला फडकं बांधलेलं. मला अर्धी वाटी दिली. आक्का, ते औषध आहे असं आपण दोघं समजू. आबांना सांगू नको.

"मावशे, वाण कुठला हा?"

"भोकरी. मनी भोकराएवढा हुतो म्हनून भोकरी. माझ्या माहेराला हुत्या ह्या पांगाऱ्या-पांगाऱ्यावर. तुझ्या आयला काडी मीच दिली."

म्हणजे नाव माहीत असलेला शेवटचा माणूस आपल्या भिंतीपलीकडं राहत होता आणि आपण तिला फक्त कुलपांची काळजी घ्यायला ठेवलं होतं.

मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "दगडाबाय काय बी बोलती. तिला मागच्या साली वाघ दिसला हुता. तू घड दाव."

तुझ्याकडून कात्री मिळाली. पाथर्डी आगाराच्या ड्रायव्हरनं दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चिठ्ठी नव्हती. पण घड विरळायच्या कात्रीला चिठ्ठी कशाला लागते? बारीक मणी काढतोय, घडाला श्वास घ्यायला जागा ठेवतोय. आणि ऐक, तू जिंकलीस. घड आलेत ते सगळे सात डोळ्यांच्या काड्यांवर. दोन डोळ्यांवर नुसता पाला. एत्तोरेला कळवलं. त्याचा निरोप आला, "तुझ्या बहिणीला सांग, वेल ज्या गावची, कायदा त्या गावचा."

कानिफ


३० जानेवारी २०२६

आक्का,

हे पत्र तीनदा फाडलं.

दाजींनी तुला सांगितलं असेलच. मी मंगळवारी गेलो होतो. एत्तोरेच्या पुतण्याचा मेसेज आला, व्हिसाचे कागद तयार आहेत, फेब्रुवारीत छाटणी सुरू होते, पुण्याच्या ऑफिसात ये. मी पिशवी भरली. मला पिशवी भरायला पाच मिनिटं लागतात, हीच एक कला मला येते. शनिशिंगणापूरला तेलाच्या दुकानात होतो तेव्हाही, नाशिकला पॅकिंगच्या शेडमध्येही, असाच निघालो. दगडाबाईला म्हटलं, "मावशे, वेलीकडं बघ."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बघते की. तू गेलास तरी पिकतंय ते. तुझ्यासाठी थोडंच पिकतंय?"

पाथर्डीहून पुण्याची गाडी मिळाली, खिडकीसुद्धा मिळाली. आणि मग ते वाक्य सुरू झालं डोक्यात. पिकेल. चिमण्या खातील, म्हातारी खाईल, आणि पाडव्याला आबा येतील तेव्हा वेलीवर नुसता पाला असेल. ते म्हणतील, बघा, वांझ. आणि तू आठ वर्षांपूर्वी फोनवर जे सांगितलंस ते पुन्हा एकदा खोटं ठरेल. माझ्यामुळं. पुन्हा.

आता ते लिहितो जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

आई गेल्यावर आपलं ठरलं होतं. तू दहावी करायची आणि आबांच्या जोडीला मी. तोडीला कोयता दोघांचा असतो, एक तोडतो, एक मोळी बांधतो. अर्धा कोयता मुकादम ठेवत नाही. मी पंधराचा होतो. जानेवारीत एका पहाटे मी उसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये चढलो आणि गेलो. सगळे म्हणतात, पोरगं होतं, त्याला काय कळत होतं. आक्का, मला कळत होतं. ट्रक कारखान्याच्या गेटातून बाहेर पडला तेव्हा मी स्वतःशी म्हणालो होतो, आता आक्काला आणतील. शब्द असेच होते. तरी उतरलो नाही. तुला वाडीतून उचललं, तुझी पुस्तकं दगडाबाईच्या फळीवर राहिली आणि मार्चात पेपर चालू होते तेव्हा तू मोळ्या बांधत होतीस. वेल पिकलेली बघायला घरातलं एक माणूस त्या साली घरी असणार होतं. ते मी तिथून काढलं.

मी पळालो हे तुला माहीत होतं. मला माहीत असून पळालो, हे माहीत नव्हतं. आता आहे. याच्यावर तुला जे करायचं ते कर.

तिसगावला गाडी थांबली. मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, "तिकीट पुन्याचं हाय." म्हटलं, "असू दे." दुधाच्या टेम्पोतून परत आलो. दगडाबाई अजून चुलीपाशीच होती. म्हणाली, "भाकरी दोन जास्तीच्या टाकल्यात."

कानिफ


४ मार्च

आक्का,

तुझी चिठ्ठी आली. पाच वर्षांचं पोरगंसुद्धा याहून लांब लिहितं. "१८ तारखेला भूगोल. त्याच्या आधी येऊ नको." एवढंच. पण मी ती पांगाऱ्याला टेकून अकरा वेळा वाचली. तू दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलास हे मला कुणी सांगितलं नव्हतं! दाजींना फोन केला तर ते म्हणाले, "आरं, दोन वर्सं झाली, पहाटं उठून वाचती. आता पेपर चालू हायत. मला पन शिकवती. मला समद्या आखाती देशांच्या राजधान्या पाठ झाल्या." भारी माणूस आहे.

बरं, भूगोलात आल्प्स आला तर लिही. उन्हाकडं तोंड केलेला उतार, दगड दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावर वेलीला ऊब देतो. हे पुस्तकात नाही, माझ्या पाठीला माहीत आहे. आता आपल्या घराच्या दगडी भिंतीला तेच चाललंय, संध्याकाळी हात लावला तर चटका बसतो. त्या भिंतीजवळचे घड आधी पिवळे झालेत.

पांगारा लाल फुललाय. साळुंक्या, पोपट, सगळी पाथर्डी तालुक्याची पाखरं इथं. मी जुन्या साड्या बांधल्यात, आईच्या दोन होत्या पेटीत, त्यासुद्धा. राग येऊ देऊ नको. तिची वेल तिनंच राखावी म्हटलं.

एक मणी खाल्ला. अजून कडेला आंबट. थांबतोय. मी थांबतोय, आक्का! हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली. खिळ्यानं टोचून वाणाचं आणि आईचं नाव लिहिलं. भोकरी. लावली रतनबाईनं. पुढं जागा ठेवलीय.

कानिफ


१८ मार्च
काष्टी, शाळेच्या फाटकासमोर

आक्का,

तू आत पेपर लिहितेस, मी बाहेर लिंबाखाली हे लिहितोय. पोस्टात टाकायचं नाही, हातात द्यायचंय. शेजारी आबा बसलेत, मांडीवर भोकरीच्या घडांचा डबा घेऊन. दाजी तिसऱ्यांदा चहा आणायला गेलेत. पेपर तुझा आहे, पण घाम दाजींना फुटलाय.

शनिवारी टोळी परत आली. यंदा कारखाना लवकर बंद झाला. ट्रेलर थांबला तसे आबा उतरले ते थेट परसात. मागं सगळी वाडी, पोरांसकट. मी साड्या सोडल्या. एकतीस घड, आक्का. पिवळे, मधासारखे, भोकराएवढे मणी, मध्ये पांगाऱ्याची लाल फुलं अडकलेली. ओट्यावर हसलेल्या चौघांपैकी एकानं टोपी काढली.

आबांनी एक मणी तोडला, खाल्ला, बिया हातावर काढल्या, बघत राहिले.

"ह्याला बी हाय."

"व्हय आबा. जुना वाण आहे."

आबांनी मग बिया खिशात टाकल्या आणि म्हणाले, "पोरगी सांगत हुती. फडावर फोन केलता तिनं. मीच तिला खोटी पाडली." सगळ्या वाडीसमोर म्हणाले, आक्का. मी एकटा ऐकतोय असं नाही. मी साक्षीदार मोजलेत, मुद्दाम.

तेवढ्यात दगडाबाई काठी आपटत म्हणाली, "म्होरल्या साली माझा वाटा किती, ते आत्ताच बोला."

आबा म्हणाले, "मावशे, वीस वर्सं एकटीनं खाल्लीस!"

"इचारलं का कुनी?"

वाडी एवढी हसली की पोपट उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आबा परसात वाकलेले. घरकुलाच्या पायासाठी मारलेली फक्कीची रेघ पायानं पुसत होते. मग दोरी धरायला मला बोलावलं आणि सहा फूट अलीकडं नवी रेघ मारली. म्हटलं, "आबा, स्वैपाकघर बारकं होईल." म्हणाले, "चुलीला किती जागा लागती?" मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "त्या म्हाताऱ्यानं ह्याचं काय केलं आसतं रं?"

माझी माळकऱ्यासमोर बोबडी वळली. "वाईन, आबा. म्हणजे दारूच म्हणा."

"रसाची कंपनी!" ते म्हणाले. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "आपन मनुकं करायचं." आणि दगडाबाईच्या घराकडं बघून, "गाडग्यात काय घालायचं ते घालू द्या तिला. म्हातारं मानूस हाय, खोकला आसतो."

एत्तोरेला फोटो पाठवले. त्याचा फोन आला, आधी नुसतं खोकणं, मग नाक ओढणं, मग तो म्हणाला, "माएस्त्रो, नाव लिहिलंस का?" म्हटलं, लिहिलंय. भोकरी, लावली रतनबाईनं, ओळखली सत्यशीलानं (तुझं नाव, आक्का), राखली दगडाबाईनं. म्हणाला, "आणि तू?" म्हटलं, मी नुसता थांबलो. तो म्हणाला, "थांबणं हा पण वाण आहे, आणि तुझ्याकडं नवा आहे, जप."

दाजींनी वीस काड्या मागितल्यात बांधावर लावायला. थॉमसनच्या शेजारी, म्हणाले, ऐकायला कुणीतरी पाहिजे. एत्तोरेचं हे त्यांना कुणी सांगितलं? म्हणजे तू माझी पत्रं घरात मोठ्यानं वाचतेस!

उद्या पाडवा. गुढीला साखरेच्या गाठीसोबत एक घड बांधायचा, असं आबांनी ठरवलंय. आणि गुढी तू उभारायची. येणार का, हे मी विचारायचं होतं, पण आबाच विचारणार म्हणतात, मघापासून पुटपुटत पाठ करतायत.

मी ऑक्टोबरपर्यंत आहे. छाटणी मीच करणार, सगळ्या काड्यांना सात डोळे.

घंटा झाली. फाटक उघडतंय. पोरी पळत निघाल्यात, सगळ्या बारक्या, आणि त्यांच्यामागं तू, निळ्या साडीत, हातात पॅड, सावकाश, लग्नातल्या नवरीसारखी नाही, जिंकून आलेल्या पैलवानासारखी. तू आम्हाला बघितलंस. थांबली नाहीस, येतेस.

आबा म्हणतायत, "लिवनं बंद कर आन् डबा उघड."